डाव्या तर्जनीचे साहेब

लोकशाही ही काही थोड्या माणसांच्या निःस्वार्थ निष्ठेवर उभी असते, आणि अशी निष्ठा असलेला एक माणूस मी अगदी जवळून पाहिला आहे. मी पाहिला तेव्हा तो एका पातेल्याशेजारी उभा होता आणि शिरा खायला आलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावत होता.

आमची निवासी शाळा छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला आहे. मुलं बहुतेक सिल्लोड आणि अजिंठ्याकडची. त्यांचे आईबाप मेंढरांमागे किंवा कुणाच्या तरी शेतावर, म्हणून पोरं आमच्याकडे. मी तिथे मराठी आणि इतिहास शिकवत असे. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांना एके वर्षी वाटलं की वसतिगृहाला अधीक्षक म्हणून एखादा निवृत्त सरकारी माणूस असावा. सरकारी माणसाच्या ओळखी असतात, ओळखींनी कामं होतात, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी तहसिलातून निवृत्त झालेला एक नायब तहसीलदार आणला. फक्त तो कुठल्या शाखेत होता हे विचारायचं राहून गेलं.

साहेब निवडणूक शाखेत होते. तरुणपणी शिक्षा म्हणून त्यांना त्या शाखेत टाकलं होतं म्हणे, आणि नंतर काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. महसुलात ओळखी होतात त्या जमिनीमुळे आणि वाळूमुळे. निवडणुकीत ज्यांच्याशी ओळख होते ते सगळे पडलेले उमेदवार असतात. त्यामुळे दादांची कामं झाली नाहीत. शाळेत मात्र निवडणुका सुरू झाल्या.

साहेब उंच, कोरडे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे. चेहऱ्यावर कसलंही मत नाही. तटस्थता त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की शहराचं नावसुद्धा ते घेत नसत. जुनं घेतलं तर एक गट दुखावेल, नवं घेतलं तर दुसरा, म्हणून ते 'मुख्यालय' म्हणायचे. "उद्या मुख्यालयात जाऊन चप्पल आणायची आहे." चहा की कॉफी विचारलं तर "बहुमत काय आहे?" असं विचारत आणि मग जे येईल ते पीत. आमच्या स्वयंपाकघरातल्या कौसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात हौसेनं विचारलं, "साहेब, आमटी कशी झाली व्हय?"

"आमटी झालेली आहे," साहेब म्हणाले.

"आवं पण चांगली का वाईट?"

"अधिकाऱ्यानं पसंती व्यक्त करू नये."

कौसाबाई दोन दिवस रुसून बसल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस खारट आमटीलाही नावं ठेवणार नाही, तेव्हा त्या त्यांच्यावर खूश झाल्या.

भाजीचं मतदान त्याच महिन्यात झालं. मुलं रोजच्या भाजीवर कुरकुर करत होती, तेव्हा साहेब म्हणाले, लोकांना विचारू. वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा, चिठ्ठ्या, सीलबंद पेटी, सगळं साग्रसंगीत. दोडका, भोपळा, वांगं आणि बटाटा उभे होते. पण बटाटा परवडत नाही म्हणून दादांनी त्याला माघार घ्यायला लावली. खाली नियमाप्रमाणे 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय होता. मुलांनी तोच प्रचंड बहुमतानं निवडून दिला. सगळं वसतिगृह नाचलं. साहेबांनी शांतपणे नियम वाचून दाखवला की या पर्यायाला कितीही मतं पडली तरी तो उमेदवार नव्हे, सबब त्याखालोखाल मतं मिळवणारा विजयी. दोडका निवडून आला. त्याला सात-आठ मतं होती.

"मंग आमचं मत कशाला घेतलं, सर?" नववीतल्या गोरखनं विचारलं. हा गोरख म्हणजे अजिंठ्याकडचा धनगराचा पोरगा, अंगानं दांडगा आणि भुकेनं त्याहून.

"नोंदवायला," साहेब म्हणाले. "मत नोंदवलं जातं. ऐकलं जाईल असं कुठे लिहिलेलं आहे?"

नागरिकशास्त्राचा तो धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. इतका स्वच्छ मला कधी मांडता आला नव्हता.

खरी आचारसंहिता लागली तेव्हा साहेबांना उधाण आलं. पहिलीच्या वर्गात भिंतीवर अक्षरांचे तक्ते होते. छत्रीचा छ, कपाटाचा क, नारळाचा न. ही सगळी कुठल्या ना कुठल्या अपक्ष उमेदवाराची चिन्हं असतात. साहेबांनी त्यांवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून घेतला. पहिलीच्या मुलांनी त्या वर्षी निम्मी अक्षरं निकालानंतर शिकली. पालकांची तक्रार आली नाही, कारण पालकांना वाटलं अभ्यासक्रम बदलला असेल.

या माणसाच्या आयुष्यात एकच इच्छा होती आणि ती सगळ्या शाळेला ठाऊक होती. त्यांनी कधीच मतदान केलेलं नव्हतं. एवढ्या निवडणुका घेतल्या, इतरांना रांगेत लावलं, आजारी म्हाताऱ्यांना खुर्चीवरून आणवलं, पण स्वतः कधी नाही. दर वेळी ड्यूटी. ड्यूटीवरच्या माणसानं टपालानं मत द्यायचं असतं आणि सोबतच्या घोषणेवर एका अधिकाऱ्याची सही लागते. त्यांच्या ऑफिसात तो अधिकारी तेच होते. स्वतःच्या घोषणेवर स्वतःच सही करणं त्यांना पटेना, आणि दुसऱ्या ऑफिसात जायला निवडणुकीच्या धामधुमीत वेळ कुठला? निवृत्तीच्या निरोप समारंभात लोक तीर्थयात्रा, नातवंडं वगैरे बोलतात. साहेब म्हणाले होते, "आता एकदा रांगेत उभं राहून मत द्यायचं."

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हे ऐकून नुसत्या हसायच्या. "माझं मत कधी चुकलं नाही. दर वेळी एकटी जाऊन आले. शेजारणी जोडीनं यायच्या, फोटो काढायच्या. मी म्हणायची, आमचे हे आतच आहेत, पण खुर्चीत."

निवृत्तीनंतरची पहिली निवडणूक आली ती साहेब आमच्याकडे असताना. तोवर शिऱ्याचं प्रकरण घडून गेलं होतं.

आमच्याकडे रविवारी शिरा असतो. साहेब येण्याआधी त्याची वाटणी ज्याच्या कोपरात जोर त्याला जास्त, या तत्त्वावर होत असे. गोरखसारखे वीर एकदा खाऊन मागच्या दारानं जात, शर्ट बदलत आणि पुढच्या दारानं पुन्हा येत. लहान पोरांना पातेल्याची खरवड मिळे. साहेबांनी पहिल्याच रविवारी हे पाहिलं आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं असावं. "हे दुबार मतदान आहे," ते माझ्या कानात म्हणाले, "आणि शर्ट बदलणं म्हणजे तोतयेगिरी."

मी म्हटलं, "साहेब, पोरं भुकेली असतात."

"प्रत्येकाला एक," साहेब म्हणाले. "भुकेनुसार मतं देत नसतात."

खरी शाई बाजारात मिळत नाही. पण शाळेला प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेत खान सर होते. रसायनशास्त्राचा माणूस, किराडपुऱ्यात घर, बोलणं गोड आणि डोकं मिस्कील. त्यांनी सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण करून दिलं. कातडीला लावलं की उन्हात काळं पडतं आणि मग साबण, लिंबू, राख कशालाच दाद देत नाही. बाटली हातात देताना ते म्हणाले, "साब, सोच लो. ये शाई नै, ससुराल का मेहमान है. आया तो जल्दी जाता नै."

साहेबांनी जेवणाच्या हॉलमध्ये मतदान केंद्र उभारलं. पहिल्या टेबलावर नाव, दुसऱ्यावर डाव्या हाताची तर्जनी पुढे, ती कोरी असली तर तिला शाई, तिसऱ्यावर कौसाबाई आणि शिरा. ज्याच्या बोटाला शाई त्याला शिरा नाही. उद्घाटनाला त्यांनी आम्हाला एक छोटं भाषण दिलं, जे ते प्रत्येक निवडणुकीच्या प्रशिक्षणात देत असत: "माणसाच्या तोंडाकडे पाहू नका. बोटाकडे पाहा. तोंड ओळखीचं असतं, तोंड गयावया करतं, तोंड खोटं बोलतं. बोट खोटं बोलत नाही."

त्या रविवारी शिरा सगळ्यांना समान मिळाला. गोरख शर्ट बदलून आला, बोट पुढे करायला लागलं, परत गेला. लहान पोरांनी पहिल्यांदाच काजूचा तुकडा पाहिला. साहेबांच्या चेहऱ्यावर मत उमटतंय की काय असं क्षणभर वाटलं.

पुढच्या रविवारी सगळी शाळा रांगेत उभी राहिली आणि सगळ्या शाळेच्या तर्जनीला शाई होती.

नियम स्पष्ट होता. ज्याच्या बोटाला शाई त्याला शिरा नाही. भलं मोठं पातेलं वाफाळत होतं, मुलं बोटं पुढे करून उभी होती आणि कौसाबाई कमरेवर हात ठेवून साहेबांकडे बघत होत्या. "आता वं?" त्या म्हणाल्या. "समद्यायचं जेवण मागच्याच रविवारी झालं म्हनायचं का?"

"म्या तर आंघोळीला घासून घासून कातडं काढलं, सर," मागून एकजण ओरडला. "नाय जात!"

खान सर दारात उभे होते. "मैं बोला था, साब," एवढंच म्हणाले.

दुसरा कुणी असता तर नियम मोडला असता किंवा शिरा परत पाठवला असता. साहेब पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "फेरमतदान घेताना पहिली शाई गेलेली नसते. तेव्हा शाई मधल्या बोटाला लावायची असा नियम आहे." आणि बाटली उघडली. त्यापुढे दर रविवारी एकेक बोट सरकत गेलं. करंगळी होईपर्यंत तर्जनी स्वच्छ होई आणि पाळी पुन्हा तिच्यावर येई. आमच्या शाळेतला मुलगा मोंढ्यात किंवा जत्रेत कुठेही ओळखू यायचा. सिल्लोडच्या एका बापानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "गुरुजी, पोराचं वय तेरा. त्याच्याकून मतं कोन टाकून घेतंय?"

एक गोष्ट सांगायला हवी. निवासी शाळेत मुलांना वाढण्याआधी जबाबदार माणसानं अन्न चाखायचं असतं. मुलांना काही होण्याआधी अधीक्षकाला व्हावं, इतका सरळ हेतू. त्यामुळे दर रविवारी रांगेत पहिले साहेब असत. बोट पुढे करत, शाई लावून घेत, शिऱ्याचा एक चमचा खात आणि "वाढण्यास हरकत नाही" म्हणत. मला साखरेचा त्रास, म्हणून मी शिऱ्याला शिवत नसे. खान सर शाई हाताळताना हातमोजे घालत आणि शिरा डब्यातून घरी नेत. आमची बोटं स्वच्छ होती. यात आमचा काही शहाणपणा नव्हता.

मतदान बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी पाळी तर्जनीची होती. पाळी होती म्हणून तर्जनीला शाई लागली. मी तिथेच उभा होतो, खान सर होते, पन्नास निवडणुका पाहिलेले साहेब स्वतः होते. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. नियमानं चाललेल्या गोष्टीकडे लक्ष देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

बुधवारी सकाळी साहेब नवा शर्ट घालून माझ्या खोलीसमोर आले. इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. खिशात मतदाराची चिठ्ठी, ओळखपत्र, आणि ओळखपत्र हरवलं तर दुसरं ओळखपत्र. काकू सकाळीच जाऊन आल्या होत्या. "आज तरी सांगा, कुणाला देणार?" त्यांनी ओट्यावरून विचारलं.

"मतदान गुप्त असतं."

"बायकोपासून?"

"विशेषतः."

केंद्र जवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. रांग बऱ्यापैकी लांब होती. मला कंटाळा आला, साहेबांना नाही. ते रांगेत असे उभे होते जसे लोक लग्नात वराच्या बाजूला उभे राहतात. पुढच्या म्हातारीला विचारलं, "आजी, पहिल्यांदा का?" ती म्हणाली, "आरं बाबा, पहिल्यांदा कशाला, लई बाऱ्या केलं. काय फरक पडतो?" साहेब म्हणाले, "माझी पहिली वेळ आहे." म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि जरा पुढे सरकली.

आत केंद्राध्यक्ष म्हणून शेजूळ बसले होते. हे तहसिलात साहेबांच्या हाताखाली वाढलेले कारकून. साहेबांना पाहून ते अर्धे उठले, मग नियम आठवून बसले. पहिल्या टेबलावर नाव सापडलं. दुसऱ्या टेबलावर एक तरुण शिक्षिका शाईची बाटली घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाच्या या बाजूनं आपली डावी तर्जनी पुढे केली.

बाईंनी बोट धरलं आणि थांबल्या. "काका, तुमचं झालंय की."

"काय झालंय?"

"मतदान. ही काय शाई."

साहेबांनी बोटाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा तटस्थ राहिला नाही. "ही," ते म्हणाले, "शिऱ्याची आहे."

"कशाची?"

"शिऱ्याची शाई."

भिंतीकडेला उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यातला एक म्हणाला, "शिऱ्याला शाई? आमच्याकडं काजू लावत्यात." रांगेत हशा झाला. मत देऊन निघालेली म्हातारी दारातून ओरडली, "मला म्हनला पहिली बारी! येकदा केलं ना बाबा, पुरं झालं की!"

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. शाळा, रविवार, पातेलं, खान सर. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. पण शेजूळांना वाटलं नाही. ते साहेबांना ओळखत होते आणि त्यांच्या मते जगात असं करणारा एकच माणूस होता. ते प्रतिनिधींकडे वळले. "तुमची काही हरकत?"

एरवी एकमेकांच्या पाण्याच्या बाटलीवर हरकत घेणारी ती माणसं. पण त्या दिवशी एकमत झालं. त्यातला वयानं मोठा म्हणाला, "ह्या साहेबांनी आम्हाला जन्मभर शंभर मीटरच्या बाहेर हुसकलं. तरी आमची हरकत नाही. करू द्या."

"नको म्हणायला कोण बसलंय," दुसरा म्हणाला.

साहेब पुठ्ठ्याच्या आडोशाकडे बघत होते. फार तर चार पावलांवर होता. त्यामागचं यंत्र हजारो वेळा त्यांनी स्वतः तपासलं होतं, सील केलं होतं, ट्रकमध्ये चढवलं होतं. मागची सगळी रांग थांबली होती. त्यांनी एक पाऊल टाकलं, हे मी नक्की पाहिलं.

"या साहेब," शेजूळ मायेनं म्हणाले. "तुमच्या तोंडाकडे पाहून कोण नाही म्हणेल?"

साहेबांचं पाऊल तिथेच थांबलं.

"तोंडाकडे?" ते म्हणाले.

शेजूळांच्या लक्षात आलं, पण उशिरा.

"शेजूळ, प्रशिक्षणात मी काय सांगितलं होतं?"

"साहेब, ते वेगळं..."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जाऊ द्या."

शेजूळ उभे राहिले. दहावीतल्या पोरासारखे. "तोंडाकडे पाहायचं नाही. बोटाकडे पाहायचं."

"मग पाहा."

शेजूळांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुमचं झालेलं आहे, साहेब. तुम्हाला मत देता येणार नाही."

"शाबास," साहेब म्हणाले, आणि शाईवाल्या बाईंकडे वळून, "तुमचंही बरोबर होतं. काका म्हणायची मात्र गरज नव्हती." मग खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी तिची पुन्हा घडी घातली, ती खिशात ठेवली आणि बाहेर गेले.

मागे मी होतो. माझं बोट स्वच्छ होतं. मी शाई लावून घेतली आणि बटण दाबलं. कुणाला, ते आता आठवतही नाही. तो निवडून आला की पडला, हेही.

साहेब बाहेर लिंबाखाली उभे होते. नियमानं शंभर मीटर मोजून असावेत. "तुमच्या मताचा बीप इथपर्यंत आला," ते म्हणाले. "चांगला लांबलचक वाजला. म्हणजे नीट नोंदलं गेलं."

"साहेब, ते देत होते तुम्हाला करू."

"देत होते," साहेब म्हणाले. "तेच तर." आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

क्वार्टरच्या ओट्यावर काकू वाटच पाहत होत्या. कुकरची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत. "झालं?"

साहेब चपला काढू लागले. काकूंनी त्यांचा डावा हात ओढून घेतला, बोट पाहिलं, आणि स्वतःचं सकाळचं बोट त्याच्याशेजारी ठेवलं. दोन्ही काळी. "बाई गं," त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी जोडीनं झालं." मग माझ्याकडे वळून, "सर, तुमच्या मोबाइलवर काढा ना एक फोटो."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी नकार दिला नाही. मी फोटो काढला. त्यात काकू हसतायत आणि साहेबांच्या चेहऱ्यावर कसलंही मत नाही.

"आता तरी सांगा, कुणाला दिलं?" काकूंनी विचारलं.

"गुप्त असतं," साहेब म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

गुरुवारच्या पेपरात आतल्या पानावर मतदानाची बातमी होती. शेवटी एक वाक्य होतं: 'सुशिक्षित मतदारांनी दाखवलेल्या अनास्थेबद्दल प्रशासनाने खेद व्यक्त केला आहे.' हे वाक्य साहेबांनीच कधीकाळी लिहून ठेवलं होतं. प्रत्येक निवडणुकीनंतर तेच पाठवलं जायचं, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसानं त्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पेपर मला दिला.

रविवारी शिरा होता. शाई मधल्या बोटाला लावली.